लाईट आली की आपोआप

पडेगावातल्या त्या कॉलनीत लाईट गेली की गच्चीवर सतरंज्या पडायच्या आणि पोरं रामहरीमामांभोवती गोळा व्हायची. त्या रात्रीही झाली.

"जुनं काही नको हं मामा," सृष्टी म्हणाली. "पिंपळ, हडळ, उलटे पाय..."

"उलटे पाय बघायला उजेड लागतो, पोरी. ही कॉम्प्युटरची हाय. बन्सी मास्तरांच्या सुनंवर, प्रांजलीवर गुदरलेली. तिनंच सांगितली मला. वर न बघता."

"कॉम्प्युटरात भूत!" सोमनाथ हसला. मामा हसले नाहीत. गच्चीच्या कठड्याला पाठ टेकून ते सांगू लागले.

सन दोन हजार सोळा. हनुमान जयंतीची रात्र. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आणि इकडं रोज नवी बिल्डिंग उठत होती. जेवणं उरकल्यावर प्रांजली वर्षभराच्या संस्कृतीला खांद्यावर टाकून अप्पाराव टँकरवाल्यांच्या ऑफिसला निघाली. नवरा वाळूजला रात्रपाळीला, सासू-सासरे गावी गेलेले, म्हणून पोरगी सोबत. काम पाच मिनिटांचं होतं. नीट सांगायचं तर, चोरीचं होतं.

अप्पारावांचे टँकर कन्नडपासून सिल्लोडपर्यंत फिरत. वस्त्या शेकड्यानं, त्यात एकाच नावाच्या चार-चार. म्हणून त्यांनी प्रांजलीकडून एक सर्च बसवून घेतला होता. फोन आला की वस्तीचं अर्धंमुर्धं नाव टाकायचं. टँकर कुठला, ड्रायव्हर कोण, लगेच दिसायचं. अडचण एकच. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर उठायचा, पण आतला सर्च झोपूनच राहायचा. त्याला हातानं उठवावं लागे.

"लाईट आली की आपोआप चालू होईल असं करून द्या, मॅडम," अप्पाराव म्हणाले होते.

त्याला दोन हुकूम लागतात. एक, आत्ता चालू हो. दुसरा, इथून पुढं दर वेळी स्वतःहून चालू हो. प्रांजलीनं पहिला दिला. सर्च चालला. तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन: पोरीला ताप चढलाय. ती पर्स उचलत "झालं" म्हणाली आणि पळाली. दुसरा हुकूम राहूनच गेला.

पुढं आठवडाभरात एका रात्री लाईट गेली. आली. रात्रपाळीच्या सोनाजीला कॉम्प्युटर चालू दिसला, सर्चही आपोआप उठला असेल असं समजून त्यानं नावं टाकली. कुठलंच नाव सापडेना. देवगाव रंगारीच्या शिवारातल्या मेंढपाळांच्या वस्तीवरून एका म्हातारीचा फोन आला. चतुराबाई नाव. सोनाजी म्हणाला, "मावशी, तुमच्या वस्तीचं नाव नाय दिसत हितं."

टँकर गेला नाही. तान्ही नातवंडं तहानेनं रडत होती. म्हातारी चांदण्यात विहिरीत उतरली, तळाचा झरा वाटीनं उपसायला. पाय निसटला. जिवंत वर आली नाही.

सकाळी अप्पारावांचा फोन. "मॅडम, तुम्ही आपोआपचं केलं होतं ना?"

प्रांजली म्हणाली, "हो."

इंजिनिअरिंगची पदवी, त्यात डिस्टिंक्शन. खोटं बोलायला एक अक्षर पुरलं.

खापर सोनाजीवर फुटलं. हा झोपला असणार, यानंच काहीतरी बंद केलं असणार. उद्या अप्पारावांचा भाचा येऊन मशीन तपासणार, मग सोनाजीचा हिशेब. म्हणून प्रांजली आज चालली होती. राहिलेला हुकूम गुपचूप देऊन टाकायला.

ऑफिसात सोनाजी एकटाच होता.

"या ताई. बाळ पण आलंय व्हय!"

"सोनाजी, जरा दूध आणता का हिला? कोपऱ्यावरून?"

"आणतो की." चपला घालता घालता तो थांबला. "ताई, माझाच डोळा लागला असंल का वो त्या रात्री? मला तर जागा हुतो असं वाटतंय. पण मशीन काय खोटं बोलतंय व्हय?"

तिला वर बघवेना. तो जिना उतरून गेला.

तिनं पोरीला ओढणीवर टेबलावर निजवलं. खुर्ची ओढली. कीबोर्डवर बोटं ठेवली.

लाईट गेली.

पंखा थांबला. मशीनची घरघर थांबली. संस्कृतीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

फोन वाजला.

टेबलावरचा, तारेचा. तो लाईटवर चालत नाही. पोर जागी होईल म्हणून तिनं झटकन उचलला.

"बाई..." म्हातारा आवाज. लांबून. खोलातून. मागं पाण्याचा थेंब पडल्यासारखं काहीतरी. "आमची वस्ती बघा की."

"लाईट नाहीये हो. मशीन बंद आहे. कुठून बोलताय?"

"देवगाव रंगारी... मेंढरांची वस्ती..."

प्रांजलीनं दुसरा हातही फोनला लावला.

"नाव नाय दिसत व्हय, बाई?"

थेंब.

"अजून नाय?"

थेंब.

लाईट आली. पंखा फिरला. मशीन उठलं. ती बघत राहिली. सर्च उठणार नव्हता. हुकूम दिलाच नव्हता. कुणीच दिला नव्हता.

सर्च उठला.

पांढरी चौकट. रिकामी. मग एक अक्षर. मग दुसरं. तिचे दोन्ही हात फोनवर होते...

वस्तीचं नाव पुरं झालं. खाली टँकर. ड्रायव्हर.

"दिसलं?"

"...दिसलं."

"मग सांगा की त्याला. त्यो पोरगा सवताला दोष देतोय."

फोन मुका झाला.

सोनाजी दुधाचा पेला घेऊन दारात उभा होता. "कुणाचा फोन ताई? अन् तुम्ही रडताय का?"

तिनं सगळं सांगितलं. त्याला. मग तिथूनच अप्पारावांना. "दुसरा हुकूम मी दिलाच नव्हता. खोटं बोलले मी."

सकाळी भाच्यानं मशीन उघडलं. प्रांजली शेजारीच उभी होती, सोनाजी दाराशी. भाचा म्हणाला, "मामा, आपोआपचं तर चालू आहे. ही बघा सर्च आपोआप उठल्याची तारीख. चतुराबाईचा फोन आला त्याच रात्रीची."

"मी नाही केलं," प्रांजली म्हणाली. "खरंच नाही केलं."

अप्पारावांनी तिच्याकडं मायेनं पाहिलं. "मॅडम, मन लई मोठं हाय तुमचं. गरिबाचं पोट वाचवायला स्वतःवर घेताय. पण पुरावा समोर हाय." मग सोनाजीकडं वळून, "तू उद्यापासून येऊ नको."

"साहेब, मी शपथ घेऊन सांगते..."

"बस, मॅडम. कळलं आम्हाला."

असली लाज, रामहरीमामा म्हणाले, की शिवी परवडली असती.

सोनाजी डबा घ्यायला आत आला. त्यानं पडद्यावर वाकून ती तारीख वाचली. तिच्या पुढची वेळ वाचली. मग त्या वेळेवर बोट ठेवलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "या येळंला तर लाईट नव्हती. मशीनच बंद हुतं."