मंगळावरच्या वेलीचे डोळे

मंगळावरच्या नवनिफाड वस्तीत, काचेच्या घुमटाखाली, लाल वाइनच्या शिराझ द्राक्षाची वेल होती. पाने तळहाताएवढी, तजेलदार. पण घडाचा पत्ता नाही! सरपंच यमुनाताईंनी बजावले होते, "या फळछाटणीपर्यंत (घड फुटावेत म्हणून करायची छाटणी) घडाचं चिन्ह दिसलं नाही, तर वेल उपटून बटाटे लावू."

पृथ्वीवरून येताना शर्वाणीने या वेलीची काडी मांडीवर जपून आणली होती. तिचा जीव तुटत होता.

"कुंडलिक, करतोस तरी काय हिचं?" तिने माळीरोबोला विचारले.

"लाड! भरपूर पाणी, भरपूर खत. एक पान तोडू देत नाही."

अण्णांनी, म्हणजे तिच्या द्राक्षशास्त्रज्ञ आजोबांनी, कपाळावर हात मारला. "अरे, शिराझ मुळातच दांडगी. लाडावली की नुसती पानांनी माजते! शर्वाणी, काडीवरची कळी म्हणजे डोळा. पुढच्या हंगामाचा घड त्यातच आधी तयार होतो. त्याला म्हणतात सूक्ष्मघड (डोळ्यातला इवलासा घड). डोळ्यावर ऊन पडलं तर घड. सावली पडली तर नुसती आधाराला गुंडाळणारी बाळी."

"म्हणजे आपल्या वेलीचे डोळे अंधारात आहेत!"

"शाब्बास! आता निफाडची रीत. आधी खरड छाटणी (जुन्या काड्या आखूड कापणे), मग नव्या फुटी विरळ करायच्या."

शर्वाणीने कात्री चालवली. बोडकी वेल पाहून कुंडलिकने गळा काढला, "मारली हो वेल!" पण नव्या फुटी आल्या. तिने दाटी काढली, फुटी ऐसपैस बांधल्या, पाणी कमी केले. कुंडलिक चोरून पाणी घालू पाहायचा. ती नळावरच ठाण मांडून बसायची.

काड्या पिकून तपकिरी झाल्या. फळछाटणीआधी निफाडात करतात तशी काडी तपासणी ठरली. शर्वाणीने पात्याने एक डोळा उभा चिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. यमुनाताई वाकल्या.

"अगं बाई! घड आहे की!"

दुसऱ्या डोळ्यात घड. तिसऱ्यातही! शर्वाणी आनंदाने किंचाळली. अण्णांनी तिला उचलून घेतले, आणि कुंडलिकने सगळ्या वस्तीचा भोंगा वाजवला.

छाटणी झाली. जमिनीवर पडलेल्या काड्या कुंडलिक गोळा करू लागला, तेव्हा यमुनाताईंनी त्याचा हात धरला.

"टाकू नकोस. या काड्या रुजतात ना, शर्वाणी? शेजारचा अख्खा घुमट रिकामा आहे."