पिवळी रेघ

सिग्नल हिरवा झाला तरी ती चिमुकली लाल गाडी जागची हलेना. बंद पडली असणार, असं समजून खांद्यावर सायलेन्सर घेतलेली एक तरुणी बिनधास्त रस्त्यात उतरली... आणि नेमकी तेव्हाच गाडी झोपेतून दचकल्यासारखी उसळली! करकचून ब्रेक लागला. बंपर तिच्या गुडघ्यापासून चार बोटांवर थांबला.

आतला तरुण तिच्याहून जास्त हादरला होता. "लागलं तर नाही ना? हिला मधूनच काय होतं, कळतच नाही!"

"टर्बो लॅग," ती कशीबशी म्हणाली.

"मला?"

"तुम्हाला कशाला? गाडीला!"

पहिली भेट ही अशी. तो दातांचा डॉक्टर. ती बाबांच्या गॅरेजातली मेकॅनिक. बाबांनी आयुष्यभर ऑइल बदललं आणि ब्रेक दुरुस्त केले. इंजिन चपळ करायचं, ट्यूनिंगचं काम मात्र हिने हट्टाने सुरू केलेलं. ही लाल गाडी म्हणजे त्या कामाचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक.

"टर्बो म्हणजे पंखा," त्याच दुपारी बॉनेटखाली वाकून तिने समजावलं. "इंजिनाच्या धुरावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याने वेग घेईपर्यंत तुम्ही ताटकळता, तोच लॅग. आधी हवेचा पाइप आखूड करू. मग धुराला मोकळी वाट देणारा सायलेन्सर. तेवढ्याने भागलं नाही तर टर्बोच बदलू. पण मोठा की छोटा, ते तुम्ही ठरवा. मोठा उशिरा उठेल, पण पुढे सुसाट पळवेल. छोटा लगेच उठेल, पण वरच्या वेगाला दमेल."

"मला सुसाट पळायचं नाही, उस्ताद." तो तिच्याकडे बघत म्हणाला. "हाक मारली की लगेच ओ देणारं कुणीतरी हवंय."

"कुणीतरी?"

"म्हणजे... टर्बो."

ती घाईघाईने पाना शोधू लागली. पाना तिच्या हातातच होता!

बंपरमागे पाइप बसवून तिने तो धरून ठेवणारी पहिली होजक्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळली आणि पिवळ्या मार्करने एक रेघ ओढली. अर्धी स्क्रूवर, अर्धी क्लिपवर. "स्क्रू केसभर फिरला तरी ही रेघ जुळत नाही. लगेच कळतं."

"आणि नाही जुळली तर?"

"माझी रेघ हलत नाही, डॉक्टर."

मुलीला कामाचा ताठा होता, आणि तो शोभतही होता. चाचणीला गाडी छान पळाली. पण पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात! "उस्ताद, परत झोपते हो." तिचा विश्वासच बसेना. त्याला बघून जीव हरखायचा आणि गाडीचं ऐकून खट्टू व्हायचा, दोन्ही एकाच वेळी. तिने सायलेन्सर बदलला. तिसऱ्या शनिवारी छोटा टर्बो बसवला. दर वेळी चाचणी झकास, आणि आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं. बाबा बिचारे गाडी आली की फडक्याने पुसत, जाताना पुन्हा पुसत. त्यांना फारच आवडली होती म्हणे ती गाडी.

चौथ्या शनिवारी तिने मन घट्ट केलं. "मला नाही जमत, डॉक्टर. शहराच्या त्या टोकाच्या मोठ्या वर्कशॉपशी मी बोललेय. आजच गाडी तिकडे न्या. आणि ट्यूनिंग मी बंद करतेय."

"बंद?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात बाबा फडकं घेऊन आले. "राहू द्या बाबा, आज पुसू नका," ती म्हणाली. बाबा जागच्या जागी थिजले. पण तिचं लक्ष नव्हतं. नव्या वर्कशॉपला बदललेल्या भागांची यादी द्यायची म्हणून ती टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली.

बंपरमागची पहिली क्लिप. पिवळी रेघ... स्क्रूवर एकीकडे, क्लिपवर भलतीकडे!

ती सुन्न झाली. क्लिपला बोट लावलं, तर ती चक्क फिरली. सगळी हवा इथून निसटत होती. मग टर्बो कितीही चांगला असो, काय करणार? स्वतःच्या हातची रेघ काय तपासायची, म्हणून तिने इथे एकदाही बघितलं नव्हतं. बाकी सगळ्या रेघा मात्र जुळलेल्या होत्या. म्हणजे ही कुणीतरी मुद्दाम सैल केली होती.

ती तीरासारखी बाहेर आली. "डॉक्टर! बंपरमागची क्लिप तुम्ही सैल केलीत?"

त्याने तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. "हो. मीच."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. "का?"

"पुन्हा यायला... कारण हवं होतं."

संतापाने कान तापले, आणि मेलं काळीज भलत्याच तालात उडू लागलं. "कशाने सैल केलीत?"

"पान्याने."

ती चमकली. तिथे पाना लागतच नाही. "कुठून केलीत? दाखवा."

त्याने रुबाबात बॉनेट उघडलं आणि एका बाटलीकडे बोट केलं. काच धुवायच्या पाण्याच्या!

मागून खोकला ऐकू आला. ती वळली. बाबांच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता.

"बाबा... तुम्ही?"

"पहिल्या दिवशी पाना हातात धरून तू पाना शोधत होतीस," बाबा फडकं पिळत म्हणाले. "इतक्या वर्षांत तुला असं कधी बघितलं नव्हतं गं. म्हटलं, गाडी एका फेरीत सुधारली तर हा परत कशाला येतोय? मग आली की आवळायचो... जाताना सैल."

"आणि मी समजत होते माझ्याच हातात खोट आहे! काम सोडायला निघाले होते मी, बाबा!" तिचे डोळे भरून आले.

बाबांचा चेहरा उतरला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं, पोरी."

"आणि तुम्हाला माहीत होतं?" ती डॉक्टरवर उखडली.

"गेल्या शनिवारी भिंतीवरच्या आरशात दिसले काका, फडक्याआडून काहीतरी फिरवताना. सांगणार होतो... पण अजून एक शनिवार मिळेल असं वाटलं. तुम्ही काम सोडाल हे स्वप्नातसुद्धा आलं नाही."

तिने क्लिप आवळली, त्याला शेजारी बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. पाय टेकवला मात्र, गाडीने ओ दिली! तत्क्षणी. तिचं काम पहिल्या दिवसापासून बिनचूक होतं. ती रडता रडता हसायला लागली.

परत आल्यावर तिने क्लिपवर नवी रेघ ओढली. बाबा चहा आणायला पसार झाले होते.

"झालं. आता तुम्हाला यायला कारण उरलं नाही, डॉक्टर."

"नाही ना..." तो हळूच म्हणाला. "मी बिनकारणाचा आलो तर?"

तिने क्षणभर मार्करकडे बघितलं. "हात ठेवा इथे."

त्याने बॉनेटवर हात ठेवला. त्याला लगटून तिने आपला काळाकुट्ट डावा हात ठेवला, आणि उजव्या हाताने एक पिवळी रेघ ओढली. अर्धी त्याच्या हातावर, अर्धी स्वतःच्या.

"केसभर जरी हललास ना, तर मला कळेल."

ते 'हललास' ऐकून त्याने हात आणखी घट्ट टेकवला.

थोड्या वेळाने बाबा तीन कप घेऊन आले आणि दारातच थबकले. कप घ्यायला दोघांपैकी कुणाचाच हात हलेना.