सात नंबरने सांगितलेले शेवट

चहाच्या यंत्राचं बटण दाबून दाबून तो माणूस थकला होता, आणि यंत्र ढिम्म. लाथ घालावी की नमस्कार करावा, अशा विचारात तो उभा होता. मागून मी सवयीने म्हटलं, "बोला, काय मदत हवी?"

तो वळला. पावसाने गणवेश भिजलेला, हातात बिघडलेला वायरलेस. माझ्याकडे नुसता बघतच राहिला.

"कंट्रोल?... तुम्ही एवढ्याशा आहात?"

आता आवाज मीही ओळखला. "आणि तुम्ही सात नंबरची गाडी. वायरलेसवर तर पैलवान वाटता."

तो हसला, कानापर्यंत लाल झाला. आणि मी — जिला रोज दिवसभर लोकांचा आक्रोश ऐकून स्वतःच्या आईशीही बोलावंसं वाटत नाही — मी चक्क केस सारखे केले.

पोलीस नियंत्रण कक्षात माझं काम म्हणजे संकटात सापडलेल्यांचे फोन घेणं आणि जवळची गाडी पाठवणं. फोनवरच्या माणसाला धीर द्यायचा, गाडी पोहोचेपर्यंत लाईन सोडायची नाही. गाडी पोहोचली की फोन बंद, पुढचा फोन चालू. काम संपलं की गाडीवाला वायरलेसवर एकच शब्द बोलतो, 'मोकळी'. म्हणजे गाडी दुसरीकडे पाठवायला रिकामी झाली. तिथे पुढे काय झालं, हे आम्हाला कुणी सांगत नाही. जगले की गेले, देव जाणे. माझ्या डोक्यात अशा अर्धवट माणसांची नुसती दाटी झाली होती. जेवताना घास हातात राहायचा आणि आई म्हणायची, "अगं, जीव कुठे टांगलायस?"

हे मी त्या दिवशी त्याला का सांगितलं, कोण जाणे. तो चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"कालचे ते गच्चीवर चढलेले आजोबा. उतरवले. सुनेने जेवायला वाढलं, तर म्हणे मीठ कमी आहे."

मी किती दिवसांनी मोठ्याने हसले. मग हे रोजचंच झालं. ड्युटी संपली की यंत्राशेजारच्या बाकावर तो मला एकेका गोष्टीचा शेवट सांगायचा. हरवलेली पोरगी शेजारच्या कपाटात झोपलेली सापडली. गाडीखाली आलेला माणूस प्लास्टर मिरवत घरी गेला. बोलता बोलता त्याचा हात माझ्या हाताशेजारी यायचा आणि... तिथेच थांबायचा. मीही सरकायची नाही. रात्री शांत झोप लागायची मला. त्याच्या शेवटांवर मी जगत होते म्हणा ना.

एक बाई माझ्या मनातून जातच नव्हती. खोलीत स्वतःला कोंडून ती माझ्याशी कुजबुजत होती, बाहेर नवरा दारावर घाव घालत होता. "गाडी आलीच," मी तिला म्हणत राहिले, आणि लाईन तुटली. तिचं काय झालं, हे मी तिथे पोहोचलेल्या सात नंबरला श्वास रोखून विचारलं.

"बहिणीकडे गेली," तो म्हणाला. "जाताना कुकर घेऊन गेली. झाकण तेवढं ठेवलं नवऱ्याला. म्हणाली, बसा वाजवत."

मी हसता हसता रडले. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझा हात धरला. "बाकी सगळे शेवट मी सांगितले, कंट्रोल. आपल्या दोघांचा तुम्ही सांगा. घाई नाही... पण फार उशीरही नको."

हो म्हणायचं मी ठरवलं होतं. आईला सांगूनही टाकलं होतं. आई म्हणाली, "चला, कुणीतरी तुझा घास तोंडापर्यंत पोहोचवला."

आणि ज्या दिवशी त्याला सांगणार, नेमकी त्याच दिवशी त्या बाईची बहीण आली. रेकॉर्डिंग ऐकायची परवानगी घेऊन. आमच्या कक्षाच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून ओळख करून दिली, त्या फोनवर ह्याच होत्या. मी हसतमुखाने तिचे हात धरले आणि विचारलं, "कशा आहेत त्या? झाकण मिळालं का शेवटी?"

तिला काही कळेना. मग ती हळूच म्हणाली, "ती दारातच गेली हो. गाडी यायच्या आधीच. मला फक्त तिचा आवाज ऐकायचाय एकदा."

मी तिच्या शेजारी बसून ते सगळं ऐकलं. शेवटचा आवाज माझाच होता. गाडी आलीच, गाडी आलीच.

त्याला मी बाकावर गाठलं. "किती खोटे होते?"

तो बुटांकडे बघू लागला. "आजोबांचं मीठ खरं होतं," तो म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाही. सगळी माणसं पुन्हा डोक्यात येऊन बसली, आणि या वेळी मेलेली. आई ताट झाकून ठेवायची, मी ते तसंच परत करायची. प्रेम आटलं असतं तर बरं झालं असतं. ते आटलं नव्हतं, हाच खरा छळ होता.

काल दुपारी तळ्यावरून फोन आला, एक मुलगा पाण्यात गेलाय. जवळची गाडी सात नंबर होती. पाठवली. तो पोहोचला. मग बराच वेळ काहीच नाही.

"सात नंबर, मोकळी?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. अर्ध्या तासाने माझ्यासमोरचा फोन वाजला. लोक संकटात करतात, तो नंबर.

"एक माणूस आहे," तो म्हणाला. "गाडीत बसलाय. उतरता येत नाहीये."

"कुठे आहात?" माझा आवाज कामाचाच होता.

"तुमच्याच आवारात. पाण्याच्या टाकीमागे... मोकळी म्हणता येत नाहीये, कंट्रोल."

जवळची गाडी त्याचीच होती. पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता माझ्या कानावरचं यंत्र काढून स्वतः लावलं आणि खुर्ची ओढली. नोकरीत पहिल्यांदाच मी जागा सोडून, जिथून फोन आला तिथे गेले.

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता, कोपरापर्यंत चिखल. मी शेजारी बसले.

"सांगा."

"नको."

"खरं सांगा. जसं झालं तसं."

त्याने सांगितलं. मुलगा हाताला लागला, तेव्हा उशीर झाला होता. मग कुकरच्या बाईचं सांगितलं, मग कपाटातल्या पोरीचं. "तुम्हाला सांगताना मलाही खरं वाटायचं," तो म्हणाला. "तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी गाडी काढायचो."

मी रागाने त्याला जेवढं बोलणार होते, त्यातलं काहीही उरलं नाही. मी त्याचे चिखलाचे हात माझ्या हातात घेतले. "माझं प्रेम आहे तुमच्यावर," मी म्हटलं. "हा शेवट नाही, पण खरं आहे."

तो रडू लागला. मग त्याने विचारलं, "ठीक होईल ना हे सगळं?"

रोज मी ते फोन घेते. काय काय ठीक होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? वर फोन वाजत होते, खाली ऐकू येत होते.

"होईल," मी म्हटलं.

त्याने ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

"शिकेन," मी म्हटलं. "तुम्ही शिकवा."