नव्व्याण्णवच्या घरावरची पिवळी सोंगटी

बसा, सिस्टर. ती नको, या खुर्चीवर बसा. खिडकीपाशी आहे ती वेताची खुर्ची आम्हाला चार वाजता लागते. ही खोली उत्तरेकडची आहे, त्यामुळे भरदुपारीही दिवा लावावा लागतो. डोळ्यांवर येत असेल तर सांगा, वळवून ठेवतो.

उद्यापासून तुम्ही अक्काकडे यायच्या आहात. भाचीनं तुम्हाला यादी दिलीच असेल, काय द्यायचं, काय द्यायचं नाही. यादीत आहे ते सगळं बरोबर आहे. यादीत जे नाही, ते मला सांगायचंय. मी छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. डॉक्टरेटही आहे, आणि तिच्यातलं तिसरं प्रकरण चुकलंय की काय ही शंका अजून मला झोपू देत नाही. तेव्हा मी सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.

सुरुवात अगदी साधी होती. अक्काची नवी गोळी आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो. गोळीबरोबरचा घडीचा कागद काउंटरवरच उघडला आणि भिंगानं वाचायला लागलो. झापड येणे, अंग ताठणे, हात थरथरणे, तोल जाणे, पडणे... माझ्यामागे सहा माणसं खोळंबली होती.

दुकानदार म्हणाला, "सर, पाण्याच्या बाटलीबरोबर असा कागद दिला ना, तर तुम्ही पाणीसुद्धा पिणार नाही."

गोळी आणली ती पाहुण्यांसाठी. म्हणजे पाहुणे बंद करण्यासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. आता तिला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, कधीकधी पोटच्या मुलीला ती "मॅडम" म्हणते. पण आवाज अजून तोच, घंटेसारखा. गेल्या वर्षापासून रोज चार वाजता तिच्याकडे एक पाहुणे यायला लागले. तपकिरी कोट, हातात टोपी, फार सभ्य, असं ती सांगायची. आम्हाला कोणी दिसायचं नाही. ते वेताच्या खुर्चीवर बसायचे आणि दोघं सापशिडी खेळायचे. अक्काची लाल सोंगटी, त्यांची पिवळी. अंडं ठेवायच्या छोट्या कपात फासा खुळखुळवून दोघांचं दान अक्काच टाकायची.

आणि काय हसायची, सिस्टर! सापानं गिळलं तरी हसायची, शिडी मिळाली तरी हसायची. दिवसभर भिंतीकडे बघत बसणारी बाई चारच्या ठोक्याला केस विंचरून तयार असायची.

मी नोंदवही सुरू केली. सवय. अक्काची दानं कुठल्याही माणसाला पडतात तशी पडायची. पाहुण्यांना मात्र प्रत्येक वेळी सहा. पिवळी सोंगटी नव्व्याण्णवच्या घरावर उभी होती आणि सुटायला त्यांना एक हवा होता. तो कधी पडायचा नाही. अक्का शंभर गाठायची, टाळ्या पिटायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पिवळी तिथेच. मी फासा बदलला, मग पुन्हा बदलला. स्वतः सहाशे वेळा टाकून पाहिला, अगदी निर्दोष. शेवटी ठरवलं, अक्का लबाडी करते. लहानपणीही ती फासा टाकायची नाही, ठेवायची.

वास मात्र वहीत लिहिला नव्हता. चार वाजता या खोलीत नुकत्या विझलेल्या आगकाडीचा वास यायचा. आमच्या घरात काड्यापेटी नाही.

मग एक दिवस अक्कानं पाहुण्यांसाठी चहा ठेवला आणि विसरली. चहा उतू जाऊन गॅस विझला, तसाच चालू राहिला. भाची आली ती खिडक्या उघडतच. भाची म्हणजे अक्काची मुलगी, जनावरांची डॉक्टर आहे. ओरडते ती रेड्यालाही ऐकू जाईल अशी.

"मामा, बस झालं हे! आज चहा झाला. उद्या तो म्हणाला, चला बाई, जिन्यावरून फेरफटका मारू, तर?"

"ते सभ्य आहेत," अक्का म्हणाली. "जिन्याचं काही बोलले नाहीत."

अक्काच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या आहेत. त्या म्हणाल्या, "औषध आहे. भास कमी होतील, पण चालणं बिघडू शकतं, झापड येऊ शकते, आणि या वयात पडणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना त्या पाहुण्याचा त्रास होत नसेल, तर औषध आपण नेमकं कुणासाठी देतोय, याचा विचार करा."

आम्ही तीन रात्री विचार केला. म्हणजे भाचीनं पहिल्याच रात्री ठरवलं, उरलेल्या दोन रात्री मी शंका काढल्या. शेवटी ठरलं, सगळ्यात लहान मात्रा, एक आठवडा, आणि रोज नोंद.

भाचीनं गोळ्यांच्या दोन डब्या आणल्या. प्रत्येकीला सात वारांचे सात खण. पांढरी अक्कासाठी, निळी माझ्यासाठी. मला जीवनसत्त्वाची गोळी असते, दिसायला अगदी तशीच, बारीक आणि पांढरी. गोंधळ नको म्हणून मी पारदर्शक झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, एकीवर 'अक्का', एकीवर 'मी'. रविवारी भाची डब्या भरत होती, तेवढ्यात मी झाकणं गरम पाण्यानं धुऊन आणली, पुसली आणि लावली.

काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातून काय होतं बघा.

सोमवारी औषध सुरू झालं. मंगळवारी पाहुणे आले. बुधवारी उशिरा आले आणि सोंगटीला हात न लावता गेले. गुरुवारी चार वाजले, सव्वाचार झाले. अक्का केस विंचरून बसली होती.

"लाइन तुटली," ती म्हणाली. "तू काहीतरी केलंस."

"मी काय करणार अक्का?"

"खरखरसुद्धा येत नाहीये." आणि ती भिंतीकडे वळली.

वास नव्हता. मी वहीत लिहिलं: भास बंद. चालणं, उत्तम. झोप, नेहमीसारखी. हात, स्थिर. दुष्परिणाम, शून्य. भाचीला फोनवर वाचून दाखवलं तर ती आनंदानं किंचाळली. एवढं गुणी औषध माझ्या ऐकण्यात नव्हतं. वाईट एकच होतं, माझीच तब्येत बिघडत चालली होती. पाय उचलेनात, फरशीला चिकटल्यासारखे. कपात चमचा वाजायचा. वर्तमानपत्र धरल्या धरल्या डुलकी लागायची, उशीवर लाळ दिसायची. मनात म्हटलं, झालं, आता आपलीही पाळी आली. चक्क मृत्युपत्र काढून व्याकरण तपासलं.

रविवारी भाची डब्या भरायला आली. दार उघडायला मी गेलो. ती उंबऱ्यातच थांबली.

"मामा, चालून दाखव."

"का?"

"तू चाल. आता वळ. बाप रे! दवाखान्यात असं घोडं आलं असतं ना, तर मालकाला आधी विचारलं असतं, याला काय खायला घातलंत."

माझी मान धरून तिनं डावीउजवीकडे वळवली, पापणी वर करून पाहिली, खरंच घोड्यासारखी. मग तडक आत गेली आणि डब्या घेऊन बाहेर आली. पांढऱ्या डबीवर झाकण होतं 'मी'.

तिनं रंगावरून भरल्या होत्या. मी झाकणावरून दिल्या होत्या. सात दिवस अक्का माझं जीवनसत्त्व खात होती आणि मी तिची गोळी.

भाची आधी घाबरली, डॉक्टरीणबाईंना फोन केला, काळजीचं कारण नाही असं कळल्यावर जमिनीवर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. अक्का तिला बघून हसायला लागली, का ते न कळताच. मीही हसलो, ताठलेल्या जबड्यानं जमेल तेवढं. आमच्या घरात इतकं हसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आणि मग, हसता हसताच, माझ्या लक्षात आलं...

गोळी अक्कानं घेतलीच नव्हती. मग पाहुणे कुणाचे बंद झाले?

भाचीला मी हे बोललो नाही. ती उचकीवर पाणी पीत होती.

गोळी बंद केली. बुधवारपर्यंत माझे पाय सुटले. गुरुवारी मी वही घेऊन इथेच बसलो होतो. चार वाजले. अक्कानं एकदम मान वर केली, पदर सारखा केला आणि तिच्या त्या एक्सचेंजच्या आवाजात म्हणाली, "या, या! किती दिवसांनी लागली लाइन!"

वास आला. वेताची खुर्ची करकरली... कोणी बसल्यावर करकरते तशी.

मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "अक्का, हे तुझ्याकडे येतात ना?"

"माझ्याकडे कशाला येतील? मला कोण विचारतंय!" ती बशीत चहा ओतत होती, कप एका हातात, बशी दुसऱ्या हातात. "कॉल तुझा आहे रे. पहिल्या दिवशी यांनी तुझंच नाव सांगितलं. मी म्हटलं, प्रोफेसर बिझी आहेत, लाइनवर राहा. तेव्हापासून होल्डवर ठेवलंय."

"आणि ते... थांबलेत?"

"मी असताना? चाळीस वर्षं मोठमोठ्या लोकांना थांबवलंय मी. एक हवाय यांना, पण मुद्दाम सहा टाकतात. खेळ आवडतो म्हणे. चहा घे, घाबरट कुठला!"

अक्काचे दोन्ही हात गुंतलेले होते, सिस्टर. माझ्या एका हातात वही, दुसऱ्यात पेन्सिल. पटाशेजारचा छोटा कप आडवा झाला, फासा घरंगळला आणि थांबला.

सहा.

मी नोंद केली. आकडा वेडावाकडा आला आणि आता दोष द्यायला गोळीही नव्हती.

पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. भाची म्हणाली, आता गोळी खरोखर आईला सुरू करू. मी म्हटलं, नको. "सात दिवस तुझ्या आईच्या ऐवजी मी ते अंग वागवलंय. पाय आपले राहत नाहीत. तिच्याकडे उरलंय काय, चालणं आणि चार वाजता हसणं. तेही काढून घ्यायचं?" भाचीनं हातातली पांढरी डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं. पण गॅसला कुलूप, आणि जिन्याला फाटक." दोन्ही बसवलंय, किल्ली तुम्हाला दाखवतो.

ते मी अक्कासाठी बोललो की स्वतःसाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला गोळी दिली असती तर लाइन धरून ठेवायला कोण होतं? आणि मी स्वतः गोळी घेतली असती तर पाहुणे आले नसते, पण अक्का भिंतीकडे वळून बसली असती. ते दिवस मी पाहिलेत. दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. शेवटी वही मिटली आणि हिरवी सोंगटी घेऊन पटावर बसलो.

गेले पाच महिने आम्ही तिघं खेळतोय. एवढं सुख मला नोकरीत मिळालं नाही. अक्का मला दिवसाढवळ्या लुबाडते. "प्रोफेसर, मोजता येतं का?" म्हणते. मी सापाच्या तोंडात गेलो की खुर्चीकडे बघून डोळा मारते, आणि खुर्ची करकरते. परवा तर हसता हसता तिनं मला लहानपणीच्या नावानं हाक मारली. ते मीसुद्धा विसरलो होतो.

तर सिस्टर, तुमच्यासाठी सूचना एवढ्याच. चार वाजता वेताची खुर्ची रिकामी ठेवा. गोळीबद्दल कोणी विचारलं, तर डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न, औषध नेमकं कुणासाठी, त्यांना विचारा. दुपारी कोणीतरी अक्काजवळ असावं, म्हणून मीच तुम्हाला बोलवायला लावलं. पुढे मी असेन नसेन.

नाही, तब्येत ठणठणीत आहे. कालच तपासून आलो.

काल पाहुण्यांना पाच पडला. एवढंच. एका दानावरून काही सिद्ध होत नाही, हे मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलंय. अक्कानं पाहिलं, मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "खेळ रे, अजून वेळ आहे."

चारला दोन मिनिटं कमी आहेत. ऐकलंत? केस विंचरतेय ती. तुम्हीही बसा ना खेळायला, निळी सोंगटी मोकळी आहे.

तुम्हाला कसला वास येतोय का?