छत्तीस नळ्या

"यंत्रात दोष नाही, एवढं एक वाक्य लिहा आणि खाली सही करा. पाच मिनिटांचं काम आहे," लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रीला अर्ध्या चहावरून उठवून आणलं होतं, त्यामुळे तो आधीच तापलेला होता. संस्थेतले सगळे फ्रीजर गेली बावीस वर्षं तोच दुरुस्त करत आला होता. न बघता सही करायची त्याला सवय नव्हती.

"सही पाच मिनिटांत होईल. फ्रीजर बघायला अर्धा तास लागेल."

"दार उघडं राहिलं होतं. त्यात बघायचं काय?"

"कुणी ठेवलं उघडं?"

मॅडमनी नुसती हनुवटी कोपऱ्याकडे केली. तिथे एक मुलगी उभी होती. बायोमेडिकल सायन्सच्या मास्टर्सचं तिचं शेवटचं वर्ष, आणि प्रबंध द्यायला उरले होते पंधरा दिवस. लॅबमधल्या कुणी तिला बस म्हटलेलं नव्हतं. इतरांचेही नमुने त्याच फ्रीजरमध्ये होते. जो तो तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने त्यांच्या घराला आग लावली होती.

टेबलावर टाइप केलेलं पत्र तयार होतं. अक्षम्य हलगर्जीपणाबद्दल विद्यार्थिनीची नोंदणी रद्द. यंत्र बिघडलं असेल तर मुलगी सुटणार आणि यंत्र धड असेल तर पत्र वर जाणार, असा सरळ हिशेब होता.

मिस्त्रीने मुलीलाच विचारलं, "होतं काय तुझं आत?"

"छत्तीस ट्यूब, काका. किडनीच्या पेशंटची लघवी. औषधाचा पहिला डोस घ्यायच्या आधीची."

"लघवीवरून एवढं रामायण?"

"ती परत मिळत नाही. औषध सुरू झालं की संपलं."

थट्टा चुकलीच होती.

"शुक्रवारी दार लावलं होतंस?"

"लावलं होतं. ओढूनही बघितलं."

"सगळे असंच म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये शुक्रवार संध्याकाळची शेवटची सही हिची आहे. शनिवारी लॅब बंद. रविवारी सकाळी हा आला तेव्हा दार उघडं."

हा म्हणजे मॅडमचा पीएच.डी.चा विद्यार्थी, लॅबमधला सीनियर. लॅबची किल्ली मॅडमखेरीज त्याच्याकडेच असे. मुलगी त्याला दादा म्हणायची.

"आज डबा उघडलास तेव्हा काय दिसलं?" मिस्त्रीने विचारलं.

"सगळं गोठलेलंच होतं. सात नंबरची ट्यूब काढायला गेले, तर तिच्या जागी बारा नंबर होता. मग शोधून सात काढली, आणखी दोन काढल्या. सातमधल्या प्रोटीनचा जुना आकडा मला माहीत होता. आज जवळजवळ शून्य आला. आतलं प्रोटीन पार मेलंय."

"म्हणजे नंबरसुद्धा धड लावता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

सीनियर पुढे आला. त्या खोलीत मऊ आवाज एवढा एकच होता. "मॅडम, जाऊ द्या. लहान आहे ती." मग मुलीकडे वळून म्हणाला, "कबूल करून टाक गं. पुढच्या वर्षी परत प्रवेश घे. मी आहे ना."

मुलीचे डोळे भरून आले. सकाळपासून लॅबमधलं कुणीतरी पहिल्यांदाच तिच्याशी माणसासारखं बोललं होतं.

मिस्त्री फ्रीजरच्या खोलीत गेला. बाकीचे मागोमाग आले. दार उघडं राहिलं की वाजणारा भोंगा वर्षभर मुका होता. त्याने त्याबद्दल दोन पत्रं दिली होती आणि दोन्ही मॅडमच्या फायलीत सुखाने झोपली होती.

त्याने जाड हातमोजे चढवले आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरचं दार उघडलं. दाराच्या रबरावर पिठाची चिमूट भुरभुरावी एवढंच हिम होतं. तळ कोरडा ठणठणीत होता. डबे फळ्यांना इतके घट्ट चिकटलेले होते, की एकेक डबा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून सोडवावा लागला. मुलीचा डबा मात्र अलगद उचलला गेला.

त्याने चार डबे उघडले. प्रत्येकातली एकेक नळी उजेडात धरली. सीनियरच्या डब्यापाशी तो जरा थांबला आणि टोपणांवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. एक ओळ इकडून तिकडे, पुढची तिकडून इकडे. मग मुलीचा डबा उघडून तसंच बोट फिरवलं आणि एकामागून एक नळ्या उजेडात धरल्या.

"पोरी, तुझी वही आण. कुठली नळी कुठे, ते लिहिलंयस ना?"

तिने वही आणली. त्याने नकाशा बघितला, डबे परत ठेवले, दार लावलं. मुलीच्या डब्यातली एकच नळी घेऊन तो लॅबच्या टेबलापाशी परत आला, बाकीचे मागोमाग.

"घ्या मॅडम, तुमचं वाक्य. यंत्रात दोष नाही."

मॅडमनी पेन उघडून कागद पुढे ओढला.

"पुढचंही वाक्य लिहून घ्या. दार दोन दिवस उघडं नव्हतं. असतं तर रबरावर बोटभर बर्फ चढला असता आणि तळाला पाणी उतरून गोठलं असतं. डबेही फळ्यांवरून सुटले असते. दार फार तर दहा मिनिटं उघडं होतं."

"मग हिचे नमुने कशाने खराब झाले?"

"ते या फ्रीजरमध्ये वितळलेच नाहीत. बाहेर नेऊन वितळवले, आणि एकट्या हिचेच पातळ दिसू नयेत म्हणून बाहेरच परत गोठवले." त्याने नळी वर धरली. "उभी नळी गोठली की बर्फाचं तोंड सपाट राहतं. बाकी सगळ्यांच्या नळ्या तशाच आहेत. हिच्यात बघा, बर्फ एका कडेने पार टोपणापर्यंत चढलाय. ही नळी आडवी गोठली. हिच्या डब्यातल्या सगळ्याच तशा आहेत."

मॅडमनी नळी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि मिस्त्रीला परत दिली.

"डबा वीतभर उंच," मिस्त्री म्हणाला. "छोट्या घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा चार बोटं. त्यात डबा कसा जाणार? म्हणून नळ्या काढून आडव्या घातल्या. सकाळी परत आणून डब्यात लावल्या, दार थोडं उघडं ठेवलं आणि बोंब मारली, की दार उघडं सापडलं."

"मिस्त्रीकाका, तोंड सांभाळून बोला," सीनियर म्हणाला. आवाज आता मऊ नव्हता.

"माझं तोंड राहू द्या, तुमच्या हाताचं बघा. नळ्या परत लावताना माणूस आपल्याच हाताच्या सवयीने लावतो. ही पोरगी सहा-सहाची प्रत्येक ओळ डावीकडून लावते. वहीत एकच्या खाली सात आहे. आता तिथे बारा आहे. कुणीतरी शेत नांगरल्यासारखं लावलंय, एक ओळ जाताना, दुसरी येताना. मी आत्ता चार डबे उघडले. असा लावलेला दुसरा डबा एकच निघाला, साहेब. त्यावर तुमची चिठ्ठी आहे."

"म्हणून काय झालं? असं कुणीही लावू शकतं."

"तुझ्या खोलीत छोटा फ्रीज आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "माझा जुना. मीच दिला होता तुला."

सीनियर एक पाऊल दाराकडे सरकला.

"पण का?" मॅडमनी विचारलं.

उत्तर मुलीने दिलं. "पहिल्या वीस ट्यूबचे आकडे मी फक्त दादांना दाखवले होते. त्यांच्या पेपरमध्ये जे प्रोटीन वाढतं म्हटलंय, ते माझ्या एकाही पेशंटमध्ये वाढत नव्हतं. मला वाटलं, माझंच चुकतंय. म्हणून विचारायला गेले होते."

त्या पेपरवर दुसरं नाव मॅडमचं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि प्रत्येकजण जमिनीकडे बघत होता.

"ते वीस आकडे वहीत आहेत?" मॅडमनी विचारलं.

"आहेत. प्रत्येक पानावर तुमची सही आहे."

न वाचताच केलेल्या सह्या होत्या त्या. मॅडमनी टेबलावरचं पत्र उचललं, दोनदा फाडलं आणि सीनियरकडे हात पुढे केला. त्याने लॅबची किल्ली त्या हातावर ठेवली.

"वीसवरच प्रबंध लिही," त्या मुलीला म्हणाल्या. माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. "आणि आमचा पेपर चुकला असेल, तर तेही स्पष्ट लिही. मी सही करेन. वाचून करेन."

मुलीची पदवी वाचली होती, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती सीनियरच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अठ्ठावीस नंबरच्या मावशी गेल्या महिन्यात वारल्या," ती म्हणाली. "नमुना देताना मला विचारत होत्या, याचा कुणाला उपयोग होईल ना गं. मी हो म्हटलं होतं."

तिने मिस्त्रीच्या हातातून नळी घेतली, टोपणावरचा आकडा वाचला आणि ती डब्यात तिच्या जागी ठेवायला आत गेली.