ढगातलं घर

ऑक्टोबर लागला की लिस्कोव गावात घरोघरी कोबी खारवायला घेतात. ओरेस्ट हनात्युकच्या घरी दोन वर्षं ते झालं नव्हतं. त्याची बायको स्टेफा वारली आणि तळघरातले रांजण पालथे पडले ते पडलेच. यंदा मात्र त्याच्या मनाने घेतलं, आपणच करून बघू. त्या दुपारी तो एका शेतावरून कोबीचे गड्डे भरून परत येत होता. आभाळ भरलेलं होतं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली उघडी रानं. गाव दिसायला लागलं तोच कमरेचा पेजर वाजला.

ओरेस्ट गावच्या अग्निशमन दलाचा कॅप्टन. दल कसलं, एक बंब, एक गाडी आणि आपापला कामधंदा सांभाळून धावत येणारी पंधरावीस माणसं. वायरलेसवर व्हेरा बसायची.

"ओरेस्ट, मालगाडी घसरलीय. धान्याच्या कोठाराशी. एका टँकरमधून पांढरं काहीतरी निघतंय."

"कोणीही जवळ जायचं नाही," तो म्हणाला. "वारा पाठीशी घेऊन टेकाडावर थांबा. आलोच."

टेकाडावरून त्याने दुर्बीण लावली. आडव्या पडलेल्या टँकरवरचा आकडा वाचला आणि रसायनांच्या आकड्यांचं पुस्तक उघडायची गरजच पडली नाही. अमोनिया. इथला शेतकरी खत म्हणून हाच जमिनीत सोडतो, आणि हा छातीत गेला तर माणूस आतून भाजून निघतो हेही त्याला ठाऊक असतं. थंडगार पांढरा ढग जमिनीला चिकटून सरपटत होता. कुंपणावरून न जाता कुंपणातून जात होता. वारा त्याला गावाकडे नेत होता.

मग धावपळ सुरू झाली. शाळेच्या बसगाड्या आल्या. माणसं दारोदार फिरली, म्हातारीकोतारी उचलून आणली, कुणाची मांजर, कुणाची औषधं. घर रिकामं झालं की दाराच्या मुठीला नारिंगी फीत बांधायची आणि पुढचं दार ठोठावायचं. बंबाने पाण्याचा पडदा धरला, कारण हा वायू पाण्यात विरतो. टँकर बंद करणारं पथक शहरातून यायचं होतं.

फक्त कोठारामागची गल्ली राहिली. तिथवर माणसं पोचायच्या आधीच ढगाने ती गिळली. त्या गल्लीत दोनच घरं. एक ओरेस्टचं, दुसरं रोसेल नावाच्या फिलिपिनी नर्सचं. ती उन्हाळ्यातच नवरा आणि तान्ह्या बाळाला घेऊन भाड्याने राहायला आली होती.

"व्हेरा, रोसेलचं काही कळलं?"

"आहेत, सगळे सुखरूप आहेत. पुढच्या गावच्या शाळेत पोचलेत." मग वायरलेस नुसताच खरखरत राहिला.

"व्हेरा?"

"ओरेस्ट, ती म्हणते... शेजारच्या बाईंनी दार ठोठावलं. डोक्याला रुमाल बांधलेल्या. बाळाच्या तोंडावर धरायला ओलं फडकं दिलं आणि म्हणाल्या, पळा आधी."

"शेजारच्या कुठल्या बाई?"

"तुझ्या घरातल्या." व्हेराचा आवाज अगदी खाली गेला. "रोसेलने त्यांना गाडीत बसा म्हटलं. तर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी येते ओरेस्टबरोबर."

ओरेस्टने वायरलेस छातीशी धरला. लग्न असो, चर्च असो, तीस वर्षं तो गाडी सुरू करून दारात ताटकळत बसायचा आणि आतून तेच ऐकू यायचं. तू हो पुढे, आलेच मी. दोन वर्षांत कुणी त्याला ताटकळत ठेवलं नव्हतं.

त्याने बंदिस्त पोशाख चढवायला घेतला. डोक्यापासून पायापर्यंत सगळं झाकणारा, आत पाठीवर हवेची टाकी. असे दोनच पोशाख दलाकडे होते. दुसरा घालणारा लॉइड त्याचा बालमित्र. स्टेफाच्या शवपेटीला त्यानेही खांदा दिला होता.

"ओरेस्ट, त्या घरात कोणी नाही. तुलाही माहीत आहे, मलाही."

"घरात माणूस आहे अशी खबर आली की बघायचं. तुला हे मीच शिकवलंय ना?"

"ती नवीन बाई आहे. घाबरली असेल, काहीतरी बरळली असेल."

"मग तू नको येऊस."

"गाढवासारखं बोलू नकोस," लॉइड म्हणाला आणि त्याने पाय पोशाखात घातले.

ढगात शिरल्यावर हातभर अंतरावरचंही दिसेना. कानाशी स्वतःचाच श्वास, खर्र... खर्र... आणि दूर कुठेतरी टँकरचा सुस्कारा, न थांबणारा. अंगणातल्या बर्चची पानं काळी पडून लोंबत होती. पायरीवर चिमण्या पडल्या होत्या, चोची उघड्या.

दाराला कुलूप नव्हतं. एकट्या माणसाला कुलूप लावायचं सुचत नाही. स्वयंपाकघरात पांढरं धुकं गुडघ्यापर्यंत साचलं होतं. बंद पोशाखात बाहेरचा वास यायचं कारणच नव्हतं, तरी ओरेस्टला वास आला. शेपू आणि लोण्यात परतलेला कांदा. त्याचे डोळे भरून आले आणि काचेआड ते पुसताही येईनात.

तो झोपायच्या खोलीशी गेला. दार लोटलेलं होतं. त्याने हात लावला, पण खालून काहीतरी दाटून बसलं होतं. दार हललं नाही.

"स्टेफा?"

त्याने टोपीची काच दाराला टेकवली. आत कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडं, दोनदा. रात्री कूस बदलताना ती खोकायची तसंच.

त्याने मागे पाहिलं. लॉइडचा चेहरा काचेआड पांढराफटक पडला होता. त्यानेही ऐकलं होतं.

"ढकल," लॉइड पुटपुटला. "ओरेस्ट, ढकल दार..."

ओरेस्टने खांदा लावला, आणि तसाच थांबला. गुडघ्यापर्यंतचं ते पांढरं धुकं दाराशी येऊन अडलं होतं. पलीकडे जात नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "दार उघडलं तर हे सगळं आत जाईल. तिच्याकडे मुखवटा नाही."

तेवढ्यात लॉइडच्या टाकीची घंटा खणखणायला लागली. हवा संपत आली होती. लॉइडने त्याचा दंड धरला.

हात दारावरून सुटेना. दोन वर्षं या खोलीत तो एकटा निजला होता, आणि आता ती इतकी जवळ होती, एका फळीपलीकडे. त्याने तोंड दाराशी नेलं.

"दार उघडू नकोस, स्टेफा," तो हळूच म्हणाला. "ऐकतेस ना? मी येतो. मी आल्याशिवाय उघडू नकोस..."

दाराच्या त्या बाजूला, त्याच्या हाताच्या समोर, काहीतरी हलकेच टेकलं.

लॉइडने त्याला ओढतच बाहेर आणलं. टेकाडावर पाण्याचे फवारे मारून दोघांचे पोशाख धुतले. वायरलेसवर व्हेराने विचारलं, सापडलं का कोणी?

"घर बंद आहे," ओरेस्ट म्हणाला. "माझं मी बघतो."

शहरातल्या पथकाने टँकर बंद केला. तिसऱ्या दिवशी वारा उलटला आणि हवा तपासून एकेका घरात माणसं सोडायला लागले. ओरेस्टच्या घरात लॉइडच तपासणीचं यंत्र घेऊन आला. पडद्यांत, गाद्यांत, सगळीकडे तो झोंबरा वास मुरला होता. यंत्र टिकटिकत होतं.

झोपायच्या खोलीच्या दाराला ओरेस्टने सावकाश खांदा दिला. दार सरकलं. खालच्या फटीत आतल्या बाजूने टॉवेल कोंबलेले होते, अगदी कोपऱ्यापर्यंत, नीट घड्या घालून. ओले होते. तीन दिवसांनीही ओलेचिंब.

खोलीत कोणी नव्हतं. खिडकी आतून बंद. चादरीला सुरकुतीही नव्हती. लॉइडने यंत्र पुढे धरलं. यंत्र गप्प झालं.

"इथे काहीच शिरलं नाही," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि यंत्र धरलेला हात खाली आला.

बाहेर पहिली थंडी पडली होती. काच स्वच्छ होती. फक्त बाईमाणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आतल्या बाजूला, तळहाताएवढी वाफ धरलेली होती. दोघं बघत राहिले. वाफ विरत आली, कडा मिटत गेल्या... आणि पुन्हा पसरली. पुन्हा विरली. पुन्हा पसरली.

"ओरेस्ट..." लॉइड खिडकीशी सरकला. "खिडकी... उघडू का?"

ओरेस्टने मागे हात नेऊन दार लोटून घेतलं.

"नको," तो म्हणाला, आणि पलंगाच्या आपल्या बाजूला जाऊन बसला.