विहिरीकाठची ओटी

पातेलं घासून ठेवलंय, सुलोचना. मंडळाचं आहे, मंडळाला पोचतं कर. चैत्रातल्या पन्ह्यासाठी नेलं होतं, परत द्यायला उशीर झाला हे कबूल. पण आलीच आहेस तर घटकाभर बस. बाहेर लू सुटलीय, या उन्हात तुला रिक्षाही मिळायची नाही. वीज गेलीय, मी पडदे ओढून घेते. देवापुढचा दिवा आहे तेवढा पुरे.

आणि एक कर. 'शालिनी, शांत हो' असं मात्र म्हणू नकोस. ज्याला त्याला मला शांत करायचंय. मी शांत होणार नाही. का, ते ऐक.

श्रीपादने ते शेत घेतलं ते मला विचारून नाही. हो, नवऱ्याचं नाव घेऊन बोलतेय, अहो-जाहो करायचे दिवस गेले. त्याने विमा कंपनीत जन्म काढला आणि मी त्याच्या बदल्यांपायी बोचकी बांधली. सांगली सुटली, भोपाळ झालं, मग जयपूर. जवाहर नगरात आत्ता कुठे जीव रमला होता माझा. भाजीवाल्यापासून टेलरपर्यंत सगळे नावाने ओळखायचे. आणि एक दिवस तुमच्याच घरी, गणपतीच्या जेवणाला, चार माणसांत हा माणूस जाहीर करतो की मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, चोमू गावाच्या पुढे एक जुनं शेत घेतलंय, आता आम्ही तिकडेच राहणार. आम्ही! मला ते तेव्हा कळलं, मोदक हातात असताना. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. तूही वाजवल्यास.

शेत वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा धूर मागे पडला की बराच वेळ सीकर रोडने जायचं, मग कच्च्या रस्त्याला वळायचं. दोन खोल्या, ओसरी, अंगणात खेजडीचं झाड आणि थोडं पलीकडे आटलेली विहीर. श्रीपाद हरखून गेला होता. मातीत हात घालून म्हणायचा, शालू, नव्याने सुरुवात करू. सुरुवात त्याची आणि धुणीभांडी माझी. सिलिंडर संपला की गाडी काढा, दळण संपलं की गाडी काढा, आणि दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही.

त्या विहिरीशेजारी एक शिळा पालथी पडली होती. श्रीपादला वाटलं, कपडे धुवायचा दगड असेल. त्याने माणसं लावून पहारीने ती उलटली, तर खालच्या अंगाला बाई निघाली. कोरलेली, एक हात वर केलेला, मनगटभर बांगड्या, डोक्यावरून ओढणी. चेहरा मात्र नव्हता. सगळा गुळगुळीत, ना नाक ना डोळे. श्रीपादने ती उभी केली, पाणी ओतून धुतली आणि मला म्हणाला की हळदकुंकू लाव, ही आपल्या शेताची देवी.

शेजारच्या शेतातल्या मीराबाई तेव्हा ताक घेऊन आल्या होत्या. म्हातारी तशी बडबडी, एरवी तासभर हलायची नाही. त्यांनी शिळेकडे बघितलं आणि घुंघट खाली ओढला.

"इसको कुछ देना मत," त्या म्हणाल्या. "ना पानी, ना दीया… ना बात."

मी विचारलं, कोण आहे ही, कुणाची?

"किसी की नहीं," म्हणाल्या. "इसीलिए तो…"

ताकाची लोटी तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. परत कधी आमच्या अंगणात आल्या नाहीत. श्रीपाद हसला, खेड्यातली माणसं अशीच असतात म्हणाला. मीही काही मनावर घेतलं नाही, पण हळदकुंकू नाही लावलं. थंडीभर मी त्या शिळेसमोरून मान वळवून जात होते.

मग चैत्र आला. जवाहर नगरात माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू कसं व्हायचं, तुला माहितीये. जिन्यापर्यंत चपला. म्हटलं, इथेही करायचं. तुम्हा सगळ्यांना एकेकीला फोन केले. गौर मांडली, कैरी किसून आंबेडाळ केली, पातेलंभर पन्हं केलं, हरभरे भिजवले. तू दुपारी फोन करून म्हणालीस, अगं, पारा किती चढलाय, आणि केवढं लांब. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. एक बाई आली नाही, सुलोचना. मी नऊवारी नेसून ओसरीवर बसून होते. श्रीपाद आत आला, दोन पेले पन्हं प्यायला, 'बघ, किती शांतता आहे इथे' म्हणाला आणि पंख्याखाली जाऊन झोपला.

मला जो राग आला ना… ओटीचं ताट समोर भरलेलं. नारळ, तांदूळ, हरभरे, हळकुंड आणि आईने सांगलीहून पाठवलेला हिरवा खण. आता काय करू त्याचं? मी ताट उचललं आणि भर उन्हात तरातरा विहिरीवर गेले. त्या बिनतोंडाच्या बाईच्या कपाळावर कुंकू लावलं. सगळं रान तापलं होतं, माझे तळपाय भाजत होते आणि तो दगड थंडगार लागला. तरी मी थांबले नाही. खण, नारळ, तांदूळ, सगळं तिच्या पायाशी घातलं, रीतसर ओटी भरली आणि म्हणाले,

"घे बाई. तुला कुणी नाही ना? मग हा संसार तूच कर. शेत तुझं, नवराही तुझा. मला नको."

आता डोळे मोठे करू नकोस. कोणती बाई असं म्हणत नाही? तू म्हणाली नसशील कधी? रागात म्हणायचं आणि संध्याकाळी कुकर लावायचा. पण आपण ओटी भरून म्हणत नाही. ओटीत घातलेलं परत मागायची रीत नाही आपल्यात.

दुसऱ्या दिवशी तिच्या पायाशी काही नव्हतं. माकडांनी नेलं असेल म्हटलं, माकडं रग्गड आहेत तिकडे. मी श्रीपादशी अबोला धरला होता. ताट वाढायचे, पण शब्द नाही. दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते आणि अंगणात केर काढल्याचा आवाज आला. खराटा नाही, आपली साधी केरसुणी. सर्र… सर्र… थांबून थांबून. भर दुपारी, उन्हाने पाखरंसुद्धा गप्प पडलेली असताना, अंगण कोण झाडतंय? वाटलं, श्रीपादने बाई ठेवली असेल, मला न विचारता, नेहमीसारखीच. उठून दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. धुळीत केरसुणीचे ताजे फराटे होते, विहिरीपासून थेट माझ्या उंबऱ्यापर्यंत. पाऊल एकही उमटलेलं नव्हतं. आणि वास येत होता, हरभरे भिजून आंबतात ना, तसा.

मी दार लावून घेतलं. भ्यायले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. माझं अंगण आहे. मला नको असलं तरी माझं आहे.

मग हे रोजचंच झालं. मी उठायच्या आत चूल सारवलेली, पाणी भरलेलं. चूल आम्ही नुसती हौसेला ठेवली होती, मी कधी पेटवलीही नव्हती. आणि श्रीपाद खुशीत. एका सकाळी चहा पिताना मला म्हणाला, "काल संध्याकाळी किती छान बोललीस शालू. इतक्या वर्षांत अशी कधी बोलली नाहीस."

माझा अबोला चालू होता, सुलोचना. मी एक अक्षर बोलले नव्हते त्याच्याशी.

मी तिथल्या तिथे अबोला मोडला आणि तोंडाला येईल ते बोलले. कोण बोललं तुझ्याशी? कोण होती? त्याने माझ्याकडे बघितलं… कसं सांगू? रस्त्यात दोन अनोळखी माणसं भांडत असली की आपण बघतो ना, तसं. कप ठेवला आणि शेतावर निघून गेला.

त्याच दुपारी मी खिडकीतून पाहिलं. खेजडीच्या सावलीत खाट टाकून श्रीपाद शेंगा सोलत बसला होता. हळू आवाजात काही सांगत होता, मधूनच हसत होता. शेजारी एक बाई. पाठमोरी, डोक्यावरून ओढणी. ती एकेक शेंग उचलून त्याच्या हातात देत होती. पाठीवर चोळी दिसत होती हिरवी. माझ्या आईचा खण मी ओळखणार नाही? त्याचे काठसुद्धा मला पाठ आहेत. मी ओरडले, श्रीपाद! त्याने मान वर केली, खिडकीकडे बघितलं आणि परत शेंगा सोलायला लागला. ती मात्र वळायला लागली… सावकाश… आणि मी खिडकी आपटून लावली. तिचं तोंड मला बघायचं नव्हतं. आता तिला तोंड असेल, हे मला ठाऊक होतं.

पिशवी भरली, मंडळाचं पातेलं उचललं आणि मागच्या दाराने निघाले. वाट विहिरीवरून जाते. शिळा जागच्या जागी उभी होती. बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलं. त्या गुळगुळीत कपाळावर दोन आठ्या पडल्या होत्या, भुवयांच्या मधोमध. श्रीपाद लग्नापासून ज्यांची चेष्टा करायचा, त्या माझ्या आठ्या. बाकी चेहरा अजून कोरा होता.

तशी मी इथे आले, शास्त्री नगरात, लेकीच्या, कस्तुरीच्या फ्लॅटवर. चार दिवसांनी श्रीपादला फोन केला. त्याने उचलला. मी म्हटलं, मी बोलतेय. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "कोण हवंय आपल्याला?" मागून कुणीतरी काही विचारलं. तो तिला म्हणाला, "काही नाही गं, चुकून लागलाय." त्या आवाजाला मी शिव्या घातल्या. फोन कधीच बंद झाला होता.

घे म्हटलं, नवरा घे. मी दिलाच होता, माझ्या तोंडाने दिला होता. रडले, पण तेवढं गिळलं.

पण माझी पोर मी दिली नव्हती.

कस्तुरी तुला माहितीये. लहानपणापासून जयपुरात, मराठी अर्धं हिंदी. राग मात्र अस्सल माझा, नाकाच्या शेंड्यावर. मी सगळं सांगितलं तर म्हणाली, "मतलब, बाबांनी दुसरी बाई ठेवली आणि तू भूत-बीत सांगतेस मला? मी बघते ना त्यांना." गेल्या रविवारी गाडी काढून गेली. मी नको नको म्हणत होते. संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं तर पोर दारातच थबकली.

"आई," म्हणाली, "तू माझ्या आधी कशी पोचलीस?"

मी विचारलं, कुठे बघितलंस मला? ती हसली. म्हणाली, अगं, आत्ता तर तू मला निरोप दिलास. आणि तिने ओढणीची गाठ सोडली. नारळ, तांदूळ, हळकुंड. भिजवलेले हरभरे, ओले, आत्ता पाण्यातून काढल्यासारखे. वर हिरव्या खणाची एक चिंधी, चोळी बेतून उरलेली. लेकीला पाठवताना आई ओटी भरते ना, तशी भरली होती तिने माझ्या लेकीची.

सगळं उचलून मी खिडकीतून बाहेर भिरकावलं. कस्तुरी एरवी भांडली असती, आई, ये क्या तरीका है म्हणाली असती. ती म्हणाली, "हो आई." बस्स. तेव्हापासून सगळ्याला हो आई. मी मुद्दाम तिला टोचते. तुझ्या नोकरीत काय अर्थ आहे म्हटलं, ज्या मुलाशी मोडलं त्याचं नाव काढलं. ज्यावरून पूर्वी घर डोक्यावर घ्यायची ते सगळं बोलून बघितलं. माझ्याच पोटच्या पोरीला मी टाकून बोलतेय, कळतंय तुला? एकदा तरी चिडावी म्हणून. ती नुसती हसते. काल तिच्या कपाळावरून हात फिरवला. राग धरला की तिलाही आठी पडायची, बारीक. ती नाही आता. कपाळ अगदी गुळगुळीत लागलं. आणि गार.

म्हणून उद्या मी पहार घेऊन जाणार आहे. ती शिळा पालथी घालणार, एकटीने झाली नाही तर मीराबाईंच्या पाया पडेन. तू येणार आहेस माझ्याबरोबर. चैत्रात आली नाहीस, आता ये. पारा किती चढलाय ते सांगू नकोस मला. आणि तोवर मला शांत करू नका कुणी. मी शांत झाले की त्या दगडाचा उरलेला चेहरा कुणाचा होणार, ते मला चांगलं कळतंय.

थांब… ऐक जरा.

आतल्या खोलीत कस्तुरी आहे. हो, ऑफिसला जात नाही ती आता. दुपार झाली की सुरू होतं तिचं. ऐकू येतंय ना तुला? सर्र… सर्र… जन्मात कधी केर काढला नाही या पोरीने.

उठू नकोस, बस. दार उघडून बघू नकोस. घरातली केरसुणी मी काल नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकलीय.